चित्रपट-अभ्यासात एम.ए.: बडोद्यातून तयारी कशी करावी?

सुरसागरकाठ

नमस्कार मंडळी. म. स. विद्यापीठात इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे फिल्म स्टडीजमध्ये एम.ए. करायचा विचार पक्का आहे. दिग्दर्शन किंवा कॅमेरा शिकायचा नाही, चित्रपटाचा इतिहास आणि सिद्धांत यांत काम करायचं आहे. त्यासाठी बडोदा सोडावं लागेल हे घरी मान्य आहे, पण पुढे पोटापाण्याचं काय, हा आई-बाबांचा सरळ प्रश्न आहे.

कुठे अर्ज करावा? प्रवेशासाठी नेमकी तयारी काय करायची? मी परीक्षणं वाचतो, सिनेमे भरपूर बघतो, पण लिहायला बसलं की कथानक सांगून लेख संपतो. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेच्या यादीत फिल्म स्टडीज हा विषय दिसत नाही, मग प्राध्यापक होता येतं का? शेवटचं म्हणजे, बडोद्याशी जोडलेला एखादा संशोधनाचा विषय सुचतो का? मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी चारही भाषा वाचता येतात. परदेशी शिक्षणासाठी मोठं कर्ज काढायची तयारी नाही.

चौकट

दिग्दर्शन नको हे तुम्ही आधीच सांगितलंत, ते बरं झालं. पुण्याची एफटीआयआय आणि कोलकात्याची सत्यजित राय संस्था इथे चित्रपट बनवायला शिकवतात. तुम्हाला हवा तो अभ्यास विद्यापीठांत होतो. दोन्हीकडे अर्ज करून 'जिथे नंबर लागेल तिथे' असं ठरवलं, तर मुलाखतीत ते लगेच उघडं पडतं.

देशात पहिला अर्ज जादवपूर विद्यापीठाला करा. तिथला फिल्म स्टडीज विभाग १९९३ साली सुरू झाला आणि हा विषय स्वतंत्र विभाग म्हणून भारतात पहिल्यांदा तिथेच उभा राहिला. सरकारी विद्यापीठ असल्यामुळे फी खाजगी संस्थांच्या मानानं अगदी कमी आहे. प्रवेशासाठी लेखी परीक्षा असते. त्यात तुम्ही काय बघितलं यापेक्षा बघितलेल्याबद्दल काय मांडता याला वजन असतं.

दुसरा अर्ज दिल्लीच्या जेएनयूतल्या स्कूल ऑफ आर्ट्स अँड एस्थेटिक्सला. तिथल्या एम.ए.त दृश्यकला, नाट्य-प्रयोगकला आणि चित्रपट अशा तीन वाटा एकत्र आहेत. तुम्ही सिनेमाकडे झुकलात तरी बाकी दोन्हींतले काही कोर्स करावे लागतात. मला ही अडचण न वाटता फायदा वाटतो. तिथला प्रवेश सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर प्रवेशाच्या सामायिक परीक्षेच्या गुणांवर होतो. ७५ वस्तुनिष्ठ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. म्हणजे चारांपैकी दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत हे कळत असेल, तर उरलेल्या दोनांतला एक निवडणं परवडतं. काहीच कळत नसेल तर सोडून द्या.

दरवर्षी इथे दोन ठिकाणी मुलं अडकतात. पहिलं म्हणजे पेपर कोड. फॉर्म भरताना ज्या विद्यापीठाला जो कोड लागतो तोच निवडावा लागतो. नावावरून अंदाजानं निवडू नका, त्या वर्षीच्या माहितीपत्रकाशी ताडून बघा. दुसरं, सीयूईटी दिली की प्रवेशाचा अर्ज आपोआप होत नाही. निकालानंतर जेएनयूच्या स्वतःच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत लहान असते. चांगले गुण असूनही ही पायरी राहिली म्हणून वर्ष जातं. सीयूईटी-पीजीचे फॉर्म साधारण हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास होते, म्हणजे तुमच्या शेवटच्या सत्राच्या ऐन गडबडीत. आतापासूनच हिशोब ठेवा.

तुम्ही नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत असाल, तर तीन वर्षांनी पदवी घेऊन दोन वर्षांचं एम.ए. करता येतं. चौथं ऑनर्सचं वर्ष केलंत तर काही विद्यापीठांत एक वर्षाचं एम.ए. मिळू शकतं. पण फिल्म स्टडीजमध्ये चौथ्या वर्षासाठी थांबू नका. विषय नवा आहे, त्यात मुरायला दोन वर्षं हवीतच.

कटपॉइंट

तुमच्या प्रश्नांत खरं महत्त्वाचं वाक्य आहे ते 'कथानक सांगून लेख संपतो' हे. प्रवेशपरीक्षा, मुलाखत, एम.ए.चे निबंध, सगळं तिथे येऊन ठरतं. यावर उपाय एकच, एखादा प्रसंग शॉटगणिक उतरवून काढणे. पद्धत सविस्तर सांगतो.

आवडत्या चित्रपटातला तीन-चार मिनिटांचा प्रसंग घ्या. गाणं किंवा मारामारी सुरुवातीला नको, दोघातिघांचं साधं बोलणं असलेला प्रसंग घ्या. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडा. 'ई' हे बटण दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते. कागदावर किंवा स्प्रेडशीटमध्ये रकाने आखा: शॉट क्रमांक, सुरुवातीची वेळ, लांबी सेकंदांत, शॉटचा आकार (क्लोज म्हणजे जवळून, मिड म्हणजे मध्यम अंतरावरून, लाँग म्हणजे दुरून), कॅमेऱ्याची हालचाल, फ्रेममध्ये कोण आणि कुठे, काय ऐकू येतं, आणि कट नेमका कुठल्या क्षणी होतो. हा शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात. वाक्य संपल्यावर कट आहे की वाक्याच्या मध्ये? बोलणाऱ्यावर आहे की ऐकणाऱ्यावर? प्रसंगाचा अर्थ बऱ्याचदा तिथेच सापडतो.

डिझॉल्व्ह (एक चित्र विरत असतानाच दुसरं उमटणं) असेल तर त्याच्या मध्यावर नवा शॉट सुरू झाला असं धरा, आणि पूर्ण तक्त्यात तोच नियम पाळा. आवाजासाठी वेगळी फेरी करा. चित्र झाका आणि नुसतं ऐका. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा हॉर्न, भांड्यांचा आवाज कटच्या पलीकडे चालू राहतो की तुटतो, हे चित्र समोर असताना लक्षात येत नाही.

मग सरासरी काढा. २४० सेकंदांत ३० शॉट, म्हणजे सरासरी ८ सेकंद. पण इथे थांबू नका. त्यांतला एक शॉट ७० सेकंदांचा असेल, तर बाकी २९ शॉटची सरासरी ५.९ येते. म्हणजे दिग्दर्शकानं झपाझप कापलेल्या प्रसंगात एकच क्षण मुद्दाम लांबवला आहे. तो का, हा तुमच्या निबंधाचा प्रश्न. नुसती सरासरी देऊन 'संथ लय' असं लिहिणं हे परीक्षकांना सर्वांत जास्त खटकतं.

उदाहरणादाखल समजा, जेवणघरात सासरा आणि सून बोलत आहेत. कच्चा निबंध लिहितो: 'या प्रसंगात कॅमेऱ्याच्या सुंदर वापरातून दोघांमधला दुरावा दिसतो.' तक्ता हातात असला की लिहिता येतं: 'पहिल्या अकरा शॉटमध्ये दोघं एकाच चौकटीत आहेत. ती घर विकण्याचं बोलते तिथे बारावा शॉट सुरू होतो आणि तिथून प्रसंग संपेपर्यंत दोघं पुन्हा एकत्र दिसत नाहीत. भांड्यांचा आवाज मात्र दोघांच्याही शॉटवर सलग चालू राहतो, खोली अजून एकच आहे याची आठवण देत.' यात कथानक एका अर्ध्या वाक्यात आलं आणि बाकी सगळं जे पडद्यावर आहे ते आलं. मुलाखतीत 'हे तुम्ही कशावरून म्हणता?' असं विचारलं तर तुमच्याकडे शॉटचा क्रमांक आहे.

असे चार-पाच प्रसंग उतरवा, त्यांत एक मूकपट आणि एक गाणं हवंच. गाण्यात एक गोष्ट मुद्दाम नोंदवा. नटी लाँग शॉटमध्ये डोंगरावर उभी असली, तरी तिचा आवाज कानाशी असल्यासारखा जवळचा येतो. पार्श्वगायनाच्या पद्धतीमुळे चित्राचं अंतर आणि आवाजाचं अंतर वेगळं पडतं. भारतीय चित्रपटावर लिहिताना हे कळलेलं असणं अत्यंत गरजेचं आहे, आणि पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकं त्यावर फार थांबत नाहीत.

वाचनात सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइन आणि फ्रेंच समीक्षक बाझाँ एकत्र वाचा. एक जण दोन शॉटच्या टकरीतून अर्थ शोधतो, दुसरा न तोडलेल्या शॉटवर विश्वास ठेवतो. लॉरा मल्वी यांचा १९७५ चा स्त्री-प्रतिमा आणि बघणाऱ्याच्या नजरेवरचा निबंध वाचल्याशिवाय मुलाखतीला जाऊ नका. भारतीय बाजूला आशिष राजाध्यक्ष, माधव प्रसाद आणि रवी वासुदेवन या तिघा अभ्यासकांचे दोन-दोन निबंध तरी वाचा. प्रत्येक निबंधातून एक विधान उचला आणि तुमच्या तक्त्यावर लावून बघा. ते लागू पडत नसेल तर आणखी चांगलं, कारण तिथे तुमचं स्वतःचं म्हणणं सुरू होतं.

प्रतापनगर

आई-बाबांच्या प्रश्नाचं उत्तर देतो, तेही गंभीरपणे घ्यायला हवं.

प्राध्यापकी: नेटच्या यादीत फिल्म स्टडीज स्वतंत्र नाही हे खरं. नियम असा की एम.ए.चा विषय यादीत नसेल तर जवळच्या विषयातून परीक्षा देता येते. बहुतेक जण 'जनसंवाद आणि पत्रकारिता' घेतात. 'दृश्यकला' किंवा 'नृत्य-नाट्य' हेही पर्याय आहेत. एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव गटांना ५०. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, एकूण ३०० गुण, तीन तास, चुकीला गुण वजा नाहीत. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, आणि पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं घरावर भार पडत नाही.

जनसंवादाचा अभ्यासक्रम मात्र मोठा आहे. जाहिरात, जनसंपर्क, माध्यमकायदे, संशोधनपद्धती, संख्याशास्त्राची तोंडओळख. चित्रपट त्यात छोटासा भाग. 'मी सिनेमावाला, मला हे येईलच' असं धरून चालणारे पहिल्या फटक्यात राहतात. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षापासून रोज तासभर त्याला द्यावा लागतो.

पुढची अडचण भरतीची. जाहिरातीत 'संबंधित किंवा समकक्ष विषयात पदव्युत्तर पदवी' असं असतं आणि फिल्म स्टडीज संबंधित आहे का, हे छाननी समिती ठरवते. म्हणून एम.ए.त निवडीचे विषय घेताना दोन तरी माध्यम-अभ्यासाचे किंवा संशोधनपद्धतीचे घ्या, आणि प्रत्येक कोर्सचा छापील अभ्यासक्रम विभागाच्या शिक्क्यासह जपून ठेवा. चार वर्षांनी तो मागितला जातो आणि तोवर अभ्यासक्रम बदललेला असतो.

प्राध्यापकीखेरीज अभिलेखागारं, चित्रपट महोत्सवांची निवड आणि कार्यक्रम-आखणी, प्रकाशनं, उपशीर्षकं. चित्रपट-जतनात मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन कार्यशाळा घेते. तिथे रीळ हातात घेऊन तपासायला शिकवतात, आणि नुसतं पुस्तकी शिक्षण असलेल्यांना याची फार गरज असते. उपशीर्षकांचं काम तुमच्यासारख्या चार भाषा जाणणाऱ्याला एम.ए. करतानाही मिळू शकतं. पण ते नुसतं भाषांतर नसतं. इंग्रजी उपशीर्षकांसाठी सर्वसाधारण मर्यादा एका ओळीत ४२ अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, आणि पडद्यावर जास्तीत जास्त ७ सेकंद अशी असते. मराठीतलं ऐसपैस वाक्य त्यात बसवताना काय टाकायचं हे ठरवणं हेच खरं कसब. मानधन मिनिटावर ठरतं, म्हणून काम घेताना 'चित्रपटाचं मिनिट की तुमच्या कामाचं मिनिट' हे लेखी घ्या.

तिकीटखिडकी

परदेशाबद्दल थोडक्यात. मोठं कर्ज नको असेल तर ब्रिटनचं एक वर्षाचं एम.ए. शिष्यवृत्तीशिवाय डोक्यातून काढा. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, त्यामुळे पदवीनंतर लगेच ती मिळणार नाही. जर्मनीत फ्रांकफुर्टच्या गोएथे विद्यापीठासारख्या सरकारी विद्यापीठात शिकवणी-फी नाही, पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात (२०२४ च्या सप्टेंबरपासूनचा आकडा) आणि त्याआधी भारतातलं एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं) हवं. एपीएसला वेळ लागतो. लोक विद्यापीठाच्या मुदतीवर लक्ष ठेवतात आणि हे उशिरा सुरू करतात. आणि जर्मन अर्ज करण्याआधी अभ्यासक्रमाची भाषा नक्की बघा. पानावरची माहिती इंग्रजीत असली, म्हणून शिकवणंही इंग्रजीत असेलच असं नाही.

दफ्तरदार

बडोद्याचा विषय विचारलात म्हणून आनंद झाला. लोक मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंकडे धावतात आणि आपल्या गावात काय पडलं आहे ते बघत नाहीत.

दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. मधून बडोद्याच्या कलाभवनात शिकायला आले होते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यावर बरंच लिहून झालं आहे. तुम्ही त्याच्या शेजारचा विषय घ्या. सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारलं, हे आपण अभिमानानं सांगतो. त्या ग्रंथालय खात्याचा एक दृश्य-शिक्षण विभागही होता. तो मॅजिक लँटर्न (काचेवरची चित्रं पडद्यावर पाडणारा दिवा) आणि सिनेमाची यंत्रं गावोगाव नेऊन लोकांना फुकट खेळ दाखवायचा. म्हणजे तिकीट काढून बघायच्या सिनेमाच्या बरोबरीनं, एका संस्थानानं शिक्षण म्हणून सिनेमा दाखवला. प्रेक्षक कोण होता, काय दाखवावं हे कोण ठरवत होतं, बायका खेळाला येत होत्या का, हे सगळे प्रश्न मोकळे आहेत आणि एम.ए.च्या प्रबंधाला पुरून उरतील.

साधनं अशी. बडोदा संस्थानचे वार्षिक प्रशासन अहवाल. ग्रंथालय खात्याचं त्या काळचं नियतकालिक 'लायब्ररी मिसेलनी', ज्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी भागही असायचे. मध्यवर्ती ग्रंथालय आणि विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय इथे सुरुवात करा. शिवाय शहरातल्या सरकारी अभिलेखागारात संस्थानची दफ्तरं आहेत. त्यांतली जुनी कागदपत्रं मोडीत आहेत. वर सांगितलेल्या काळासाठी गुजराती आणि इंग्रजीवर बरंच भागेल, पण मोडीची अक्षरओळख करून घेतलीत तर शेरे आणि हिशेब वाचता येतील.

जिथे घसरायला होतं ते आधीच सांगतो. अहवालांचं वर्ष जुलैअखेर संपतं, म्हणून '१९१३-१४' मधली घटना कुठल्या इसवी सनात टाकायची हे दर वेळी तपासा. अशा अहवालांत खेळांची आणि प्रेक्षकांची संख्या मिळते, दाखवलेल्या चित्रपटांची नावं मिळतीलच असं धरू नका. म्हणून विषय 'प्रदर्शन आणि प्रेक्षक' असा आखा. 'चित्रपटांचं विश्लेषण' असा आखलात तर सहा महिन्यांनी हात रिकामे राहतील. आणि प्रेक्षकसंख्या सरकारी खात्यानं स्वतःच्या कामाचा अहवाल देताना लिहिली आहे, हे विसरू नका.

दुसरा, जवळच्या काळाचा विषय म्हणजे शहरातली एकपडदा थिएटरं. तिथे कागदांपेक्षा माणसं महत्त्वाची, आणि जुने ऑपरेटर आता वयस्क आहेत. 'तुमच्या आठवणी सांगा' असं विचारलंत तर ठरलेल्या चार गोष्टी ऐकायला मिळतील. कामाबद्दल विचारा. दोन प्रोजेक्टर होते का? २,००० फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटं चालतं, मग बदलाची खूण कशी ओळखायचे? फ्रेमच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात दोनदा ठिपका येतो, पहिला मोटर चालू करायला आणि दुसरा प्रोजेक्टर बदलायला. प्रिंट फिरून फिरून तो भाग कापला गेला असेल, तर काय करायचे? प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्यांचं अंतर कोण सांभाळायचं? असं विचारलं की ते हातवारे करून सांगायला लागतात, आणि त्या ओघात प्रेक्षकही येतात, मालकही येतो आणि गाण्याला झालेला वन्स मोअरही येतो. रेकॉर्डिंगआधी लेखी संमती घ्या, गुजरातीत किंवा मराठीत, त्यांना वाचता येईल अशी.

सुरसागरकाठ

मनापासून आभार. कटपॉइंट, एक शंका. जुन्या चित्रपटांच्या प्रती यूट्यूबवरच मिळतात. एकाच चित्रपटाची लांबी वेगवेगळ्या प्रतींत वेगळी दिसते. मग तक्त्यातली वेळ कुठली धरायची?

कटपॉइंट

फार योग्य शंका. तीन कारणं वेगळी ओळखायला शिका.

पहिलं वेगाचं. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, पण जुनी व्हिडिओ किंवा डीव्हीडी प्रत बऱ्याचदा २५ नं चाललेली असते. १५० मिनिटांचा चित्रपट मग १४४ मिनिटांत संपतो. शॉट एकही कमी नसतो, सगळं सारख्याच प्रमाणात आखडतं आणि आवाजाची पट्टीही किंचित चढते. दुसरं कापाकापीचं. दूरदर्शन किंवा केबलसाठी गाणी आणि मारामाऱ्या छाटलेल्या असतात. इथे शॉटच गेलेले असतात. तिसरं चौकटीचं. जवळजवळ चौकोनी चित्र रुंद पडद्यासाठी वरून-खालून कापलेलं असतं. लांबी तीच राहते, पण डोकी आणि पाय गेलेले असतात, आणि तुम्ही क्लोज म्हणून नोंदवलेला शॉट मुळात मिड असू शकतो.

मूळ लांबी ताडायला सेन्सॉर प्रमाणपत्राचा उपयोग होतो. फिल्मच्या काळातल्या प्रमाणपत्रावर रिळांची संख्या आणि लांबी फुटांत किंवा मीटरमध्ये असते. ३५ मिमीची फिल्म २४ च्या वेगानं मिनिटाला सुमारे ९० फूट, म्हणजे २७.४ मीटर सरकते. ४,००० मीटर म्हणजे सुमारे १४६ मिनिटं. तुमची प्रत १४० ची निघाली तर आधी वेगाचा फरक लावून बघा. १४६ ला २५ च्या वेगानं सुमारे १४० च येतात, म्हणजे प्रत पूर्ण आहे. १२५ आली तर काहीतरी छाटलं आहे. मूकपटाला हा हिशोब लावू नका. तिथे वेग ठरलेला नव्हता. ३,७०० फुटांचा मूकपट १६ च्या वेगानं तासाभराचा होतो आणि २४ च्या वेगानं चाळीस-एक मिनिटांचा, माणसं पळत असल्यासारखी दिसतात ती यामुळेच. मूकपटात सेकंदांऐवजी शक्यतो फ्रेम मोजा आणि कुठल्या वेगाची प्रत बघितली ते तळटीपेत लिहा.

निबंधात प्रत्येक वेळी प्रतीचं नाव द्या: कुठून मिळाली, किती मिनिटांची, कुठल्या चौकटीची.

दफ्तरदार

यात एक भर. प्रबंधासाठी खात्रीची प्रत हवी असेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे आधी लेखी परवानगी मागा. १९६४ साली स्थापन झालेली ही संस्था २०२२ पासून एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) अखत्यारीत आहे. संशोधकांना तिथलं ग्रंथालय आणि ठरवून चित्रपट बघण्याची सोय वापरता येते. अर्जासोबत विभागप्रमुखांचं पत्र, विषयाची एका पानाची मांडणी आणि चित्रपटांची यादी जोडा. यादीत नाव, वर्ष, भाषा आणि दिग्दर्शक चारही द्या. एकाच नावाचे चित्रपट दोन भाषांत आणि वेगवेगळ्या दशकांत निघालेले आहेत, आणि नुसत्या नावावर भलतीच प्रत लागली तर बडोद्याहून केलेला प्रवास वाया जातो. परवानगीचं उत्तर हातात आल्यावरच गाडीचं तिकीट काढा.